फुकटची राख

फाल्गुनातली अवस, म्हणजे पाडव्याचा आदला दिवस, वेळ दुपारची. ठिकाण शाळेचा व्हरांडा. रक्कम एकवीस हजार सहाशे रुपये. हजर आमच्या बचत गटाच्या दहाही बायका, गावचे पोलीस पाटील, आणि माझे धाकटे दीर, जे सगळ्यांच्या मागे खांबाला टेकून उभे होते. तळ्यातले मासे मेले ते त्यांच्या माळावर टाकलेल्या राखेमुळे, म्हणून ही रक्कम त्यांच्या घराने गटाला द्यायची, असं ठरलं.

आधी रक्कम चोवीस हजार ठरत होती. ती एकवीस हजार सहाशे मी केली. माझा हिशेब तेव्हा बरोबर होता, आजही बरोबर आहे. त्या दुपारपासून माझी धाकटी जाऊ माझ्याशी बोललेली नाही.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. दाखले शहापूरला, बाजार मुरबाडला, अशी आमची विभागणी. गावाच्या वरच्या अंगाला तळं. फार मोठं नाही. उन्हाळ्यात अर्धं होतं, पण माझ्या आठवणीत कधी आटलेलं नाही. तानसा धरणाचं पाणी मोठ्या पाइपांतून मुंबईला जातं, त्याच्यावर पहारा असतो, पाट्या असतात. आमचं तळं कुणाच्याच पाइपात जात नव्हतं, त्यामुळे त्याला पहाराही नव्हता. गुरं पाणी प्यायची, बायका धुणं धुवायच्या, गणपती बुडायचे. एवढ्याच कामाचं ते होतं.

धुण्याच्या जागी प्रत्येक घराचा एक दगड ठरलेला. आमच्या घराचा दगड माझ्या सासूच्या सासूने बसवला असं सांगतात. पुढे दोन भावांची वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध भिंत आली, शेताला बांध पडला, भांडी मोजून वाटली. दगड तेवढा वाटला नाही. त्याच्या एका बाजूला मी बसायची, दुसऱ्या बाजूला धाकटी. चोवीस वर्षं. तिचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली होती, हातातला चुडा वर सारून, आणि मला म्हणाली होती, "आक्का, साबण तुमचा वापरू का? माझा पेटीत राहिला." तो साबण तिने पुढे कधी परत केला नाही, आणि हा विनोद आमच्यात शेवटपर्यंत चालला. मी म्हणायची, "चोवीस वर्षांचं व्याज धर." ती म्हणायची, "धरा ना. तुमच्याशिवाय कोण धरणार?"

व्याजाची थट्टा माझ्यावर होते, कारण शहापूरच्या एका पतपेढीत मी अकरा वर्षं हिशेब पाहिले आहेत. यजमान गेले आणि सकाळची गाडी पकडून जाणं, शेत आणि घर, तिन्ही एकटीने होईना, तेव्हा सोडलं. मुलगा-सून बदलापूरला असतात. ते बोलावतात. मी चार दिवस जाते आणि पाचव्या दिवशी परत येते. गावात बचत गट झाला तेव्हा हिशेब माझ्याकडे आला, तो आपोआप आला. कुणी विचारलंसुद्धा नाही.

मासे मेले त्याच्या आदल्या पावसाळ्यात ग्रामपंचायतीने तळं नेहमीसारखं मासेमारीसाठी ठेक्याने द्यायचं काढलं. आजवर बाजारातला एक मासेवाला ते घ्यायचा. जाऊ म्हणाली, "आपण का नाय? मासे तळ्यात वाढतात, त्यांना काय दाढी-मिशीवाला मालक लागतो?" बायका हसल्या आणि तयार झाल्या. लिलावाच्या दिवशी मासेवाला साडेसतरा हजारांवर थांबला. मी मनात आकडे मांडत होते. पाणी किती, बीज किती लागेल, होळीनंतर पाणी उतरल्यावर भाव काय मिळेल. तेवढ्यात धाकटीने माझ्या कमरेत कोपर मारलं. "बोला ना आक्का, अठरा." मी अठरा बोलले. मासेवाल्याने टोपी डोक्यावर घातली आणि तो उठून गेला. जाताना म्हणाला, "घ्या, बायांनो. आता जाळी पण तुमीच विणा."

अठरा हजार ठेक्याचे, सहा हजार मत्स्यबीजाचे. प्रत्येकीचे दोन हजार चारशे. रोहू, कटला आणि मृगल यांची बोटाएवढी पिल्लं हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आली. पिशव्या आधी पाण्यावर तशाच तरंगू द्यायच्या, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मग तोंड उघडायचं, असं देणाऱ्याने सांगितलं होतं. आम्ही दहाजणी गुडघाभर पाण्यात पिशव्या धरून उभ्या होतो. जाऊने तिच्या पिशवीचं तोंड सोडलं आणि पिल्लांना म्हणाली, "जावा. खावा-प्यावा. उन्हाळ्यात या परत, वजनदार होऊन." मला तिचं ते बोलणं लेकी सासरी पाठवल्यासारखं वाटलं. पण लेकींना कुणी वजनदार होऊन या म्हणत नाही.

दिवाळीपर्यंत मासे वीतभर झाले. रोज धुणं धुताना आम्ही त्यांना बघायचो. भाताचा कोंडा टाकला की पाण्याला उकळी फुटल्यासारखं व्हायचं. गटातल्या प्रत्येकीने त्या पैशांचं मनात काही ना काही ठरवून ठेवलं होतं. जाऊला शिलाईचं मशीन हवं होतं. मला काही विशेष नको होतं. सकाळी तिथे जायला एक कारण जास्त मिळालं होतं, माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

पौषात म्हसा गावची जत्रा भरते. त्या दिवसांत गाव निम्मं रिकामं होतं. गुरांचा बाजार, घोंगड्या, पाळणे, ज्याला जे हवं ते. आम्हीही गेलो होतो. दीर गेले नाहीत. तळ्याच्या वर त्यांची वरकस जमीन आहे, म्हणजे भात न होणारा माळ. त्याचं कुंपण ते बांधत होते. पुढचं मी त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि त्यांनी ते इतक्या वेळा तसंच्या तसं सांगितलं आहे की मला ते खरं वाटतं.

दुपारी एक टिपर माळाजवळ थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "काका, राख आहे. कारखान्याची. कुठंतरी टाकायचीच आहे. तुमच्या शेतीला लय भारी."

दीर म्हणाले, "कितीला?"

"कितीला काय, फुकट. डिझेल वाचलं की झालं माझं."

दिरांनी त्याला आपल्या डब्यातली भाकरी दिली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून काही खेपा झाल्या. किती, ते त्यांनी मोजलं नाही. टिपरवर कुठल्या कारखान्याचं नाव होतं का, तेही पाहिलं नाही.

हे वाचताना बाहेरच्या माणसाला वाटेल की माणूस किती भोळा. पण आमच्याकडे भाताचं बी पेरायच्या जागेवर उन्हाळ्यात राब भाजतात. डहाळ्या, पाला, शेण असं सगळं पसरून जाळायचं आणि जिथे राख पडली तिथेच बी टाकायचं. राख चांगली तर रोप चांगलं. त्या राबासाठी माघ-फाल्गुनात रानातून डोक्यावर भारे वाहावे लागतात, ते बहुतेक बायकाच वाहतात. दुसरीकडे राख म्हणजे काहीतरी संपलं असं असेल. आमच्या कानाला राख म्हणजे पुढच्या वर्षाचं भात. कुणी दारात येऊन 'फुकट राख घ्या' म्हटलं तर आमच्या गावात शंभरातली नव्वद माणसं 'इथे टाक' म्हणतील. त्या माणसाने 'कचरा' म्हटलं असतं, 'केमिकल' म्हटलं असतं, तर दिरांनी काठी उगारली असती. त्याला नेमका शब्द माहीत होता.

जाऊ जत्रेतून परत आली आणि ढीग पाहून खूश झाली. "या साली भारे नाय वाहायचे, आक्का. माझी मान सुटली. तुमाला पण देईन दोन टोपल्या." तिने लगेच चार टोपल्या नेऊन त्यांच्या राबाच्या तुकड्यावर टाकल्या. संध्याकाळी म्हणाली हात चरचरतात. मी खोबरेल लावायला सांगितलं. राखेने हात कोरडे होतातच, त्यात मला काही वेगळं वाटलं नाही.

शिवरात्र होऊन आठवडा झाला असेल. दुपारी अचानक ढग आले, गारा पडल्या, आणि तासभर असा पाऊस झाला की माळावरून ओढा वाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी धुणं घेऊन आम्ही गेलो तर काठाला मासेच मासे. सगळे काठाशी दाटून आलेले, तोंडं पाण्याबाहेर, हळूहळू उघडझाप करणारी. पावसाळा सुरू होताना पहिल्या पुरात मासे पाण्याबाहेर शेतांत चढतात, त्याला आम्ही वलगण म्हणतो. त्या रात्री सगळं गाव टोपल्या घेऊन धावतं. गटातली सगळ्यात म्हातारी सदस्य हसून म्हणाली, "वलगण आली काय गो फाल्गुनात? मासे पण आता कॅलेंडर विसरले." आणि तिने लुगडं खोचून हातानेच दोन मासे उचलले. ते तिच्या हातात हललेसुद्धा नाहीत.

जाऊने दगडावर बसून पाण्यात हात घातला, काढला, आणि नाकाशी नेला. "आक्का, वास बघा."

जळालेल्या वायरीचा येतो तसा वास होता. आम्ही वर पाहिलं. माळावरून तळ्यापर्यंत एक करडा पट्टा उतरला होता. पाऊस पडून ढिगाची वरची राख वाहून गेली होती आणि आत जे होतं ते उघडं पडलं होतं. हिरवट, चिकट, चिखलासारखं. वर राख, आत ते. दीर तिथे आधीच येऊन उभे होते. हातातली फावड्याची दांडी त्यांनी त्या चिखलात खुपसली, बाहेर काढली आणि तशीच हातात धरून ठेवली. आम्हाला पाहून ते म्हणाले, "वयनी, राख होती हो. मी हातात घेऊन बघितली होती."

दुपारपर्यंत मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. तराजू मी आधीच सांगून ठेवला होता, होळीनंतरच्या विक्रीसाठी. तो कुणी वापरला नाही. आम्ही मासे टोपल्यांनी काढून खड्डा करून पुरले. घारी आणि बगळे घिरट्या घालत होते, पण एकही खाली उतरला नाही. मी सगळं मोजणारी बाई. ते मासे मी मोजले नाहीत.

तक्रारीसाठी मीच गेले. लिहिता-वाचता येणारी आणि घरी कुणी वाट न बघणारी अशी गटात मी एकच. आधी शहापूरला गेले, तिथून हे काम ज्यांचं आहे त्या कचेरीचा पत्ता मिळाला, मग तिकडे. टेबलापलीकडचा माणूस वाईट बोलला नाही. त्याने विचारलं, "तक्रार कुणाविरुद्ध आहे, ताई?"

"ज्याने टाकलं त्याच्याविरुद्ध."

"ते कोण?"

"ते तुम्ही शोधायचं ना."

"गाडी नंबर? बिल? चलन? फोटो?"

माझ्याकडे यातलं काही नव्हतं. तो म्हणाला, "मग कागदावर एकच नाव येतं. जमीन ज्याची आहे त्याचं. लिहू?"

मी म्हटलं नको, आणि नावाची जागा कोरी सोडून अर्ज दिला. ही गोष्ट मी जाऊला सांगितली नाही आणि बायकांनाही सांगितली नाही. नंतर एक साहेब येऊन दोन बाटल्यांत पाणी आणि एका डब्यात तो चिखल घेऊन गेले. अहवाल येईल म्हणाले. अजून आलेला नाही. येईलही कदाचित.

तोवर गावात बोलणं सुरू झालं होतं. खेपेमागे हजार रुपये घेतले, कुणी म्हणे दोन हजार घेतले. होळीच्या रात्री एकाने दिरांच्या दारात बोंब मारताना टिपरचं नाव घेतलं. होळीला लोक काहीही बोलतात म्हणून सगळे हसले. दीरही हसल्यासारखं करत उभे राहिले.

मग ती अवसेची बैठक. गटातली एक म्हणाली, "अवसेला कुणी बसतं का?" दुसरी म्हणाली, "मासे काय पंचांग बघून मेले?" तिथून विषय दिरांकडे वळला. ज्याच्या माळावरून आलं त्याने भरून द्यावं. पोलीस पाटील म्हणाले, त्याने पैसे घेतले असतील तर त्यातून देईल. मी उभी राहिले. मी सांगितलं की ज्या आठवड्यात टिपर आला त्याच आठवड्यात या घराने गटातून तीन हजारांचं कर्ज घेतलं आहे, दोन टक्क्यांनी. खेपेमागे हजार घेणारा माणूस तीन हजारांसाठी गटाच्या दारात येत नाही. हा साधा हिशेब आहे.

म्हातारी सदस्य म्हणाली, "तुझे दीर हायेत, तू बोलणारच."

"मी आकडा बोलतेय," मी म्हटलं.

"मग आकडाच बोल. चोवीस हजार गेले. ते कुणी द्यायचे?"

खरं उत्तर टिपरवाल्याकडे होतं आणि टिपरवाला नव्हता. दीर खांबापासून म्हणाले, "देतो. मी देतो. माझ्याच कुंपणात आलं ते." चोवीस हजार असं ठरायला लागलं. आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "चोवीस होत नाहीत. धाकटी गटातलीच आहे. तिचे दोन हजार चारशे तिच्याच घरातून गेलेत. तिने स्वतःला काय भरून द्यायचं? तिचा वाटा वजा करा. एकवीस हजार सहाशे."

मला वाटलं होतं मी तिचे दोन हजार चारशे वाचवले. बायकांनाही ते पटलं. तिघी-चौघींनी मान हलवली. एक म्हणाली, "बरोबर आहे, तिला वजा करा." आणि कुणीतरी हसलं. दगडावर माझ्यासमोर बसणारी जाऊ उठली. ओरडली नाही. मला एवढंच म्हणाली, "आक्का, सगळ्यांच्या आधी तुमीच वजा केलंत मला."

मी म्हटलं, "अगं, पैशांत वजा. तुझ्या फायद्याचं आहे ते."

ती म्हणाली, "कळलं मला. मी पण सातवी शिकलेय."

ती निघून गेली. दीर तिच्या मागे गेले.

त्या वाक्यावर मी खूप विचार केला आहे. तिला वजाबाकी कळत होती. तिचं म्हणणं वेगळं होतं. दहाजणींचं नुकसान झालं होतं, आणि त्या दहांत ती होती. तिचेही मासे मेले होते. मशीनही गेलं होतं. माझ्या हिशेबानंतर नऊजणींचं नुकसान राहिलं आणि ती पलीकडच्या बाजूला गेली, देणाऱ्यांच्या. आकड्याने ते बरोबरच होतं. पण मी ते बोललेच नसते तर ती चोवीस हजार देऊनही दहातली एक राहिली असती, असं तिला वाटलं असावं. मला हे नंतर लक्षात आलं. आलं तरी आकडा मी बदलला नसता, कारण आकडा तोच आहे. फक्त तो मी तिथे सगळ्यांसमोर न बोलता रात्री भिंतीपलीकडून तिला सांगितला असता.

ग्रामपंचायतीने यंत्र लावून तो ढीग एका बाजूला ओढला आणि वर प्लास्टिक अंथरून दगड ठेवले. तळ्याकडे जायचं सगळ्यांनी बंद केलं. घरोघरी नळ आलेले होतेच, दिवसातून एकदा पाणी येतं. बायका आपापल्या मोरीत धुवायला लागल्या. आम्ही सगळ्या एकमेकींना किती रोज भेटत होतो ते तेव्हा कळलं. आता मला कधी कधी सोमवारी बोललेली माणसं गुरुवारी आठवून मोजता येतात. दूधवाला, फोनवर मुलगा, एखादी रस्त्याने जाणारी. भिंतीपलीकडे जाऊच्या भांड्यांचा आवाज येतो. ती कोणत्या पातेल्यात भात लावते ते मला आवाजावरून कळतं, कारण वाटणीत ते पातेलं मीच तिला दिलं होतं.

कपडे एकटीने धुता येतात. गोधडी एकटीने पिळता येत नाही. ओली गोधडी पिळायला दोघी लागतात, एकीने एक टोक धरून उजवीकडे, दुसरीने डावीकडे. चैत्रात मी गोधड्या काढल्या तेव्हा ते लक्षात आलं. एक टोक मी अंगणातल्या खांबाला बांधलं आणि दुसरं धरून पिळायला लागले. खांब काही आपल्या बाजूने पीळ देत नाही. निम्मं पाणी तसंच राहिलं आणि गोधडी तीन दिवस वाळत होती. तिसऱ्या दिवशी जाऊच्या अंगणातही एक गोधडी तशीच टपटपत होती. आम्ही दोघींनी एकमेकींच्या गोधड्या पाहिल्या आणि आत गेलो.

पाडव्यानंतर जाऊने हायवेच्या बाजूला एका गोदामात पॅकिंगचं काम धरलं. फाट्यावर त्यांची गाडी येते. ती उजाडायच्या आत जायची, दिवेलागणीला यायची. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी आळीच्या टोकाची बाई मला म्हणाली, "माझे आले हो. पूर्ण दोन हजार चारशे. हातात आणून दिले." ज्येष्ठात तिच्या शेजारणीचे आले. आषाढात तिसरीचे. जाऊ प्रत्येक महिन्याच्या पगारातून एकेकीचे पूर्ण देत होती, थोडे थोडे सगळ्यांना असं नाही. आणि आळीच्या टोकापासून घराच्या क्रमाने येत होती. म्हणजे माझं घर शेवटी. मी मनात मांडलं, पौषात माझी पाळी. त्या दिवशी तिला माझ्या दारात यावं लागेल, आणि दारात आली की काहीतरी बोलावं लागेल. निदान "मोजून घ्या" एवढं तरी.

पाऊस आला. तिने जिथे त्या राखेच्या चार टोपल्या टाकल्या होत्या त्या तुकड्यात बी उगवलंच नाही. कुजून काळं झालं. लावणीला त्यांच्याकडे आवण नव्हतं, म्हणजे लावायची रोपं. माझ्याकडे जास्तीची होती, मी दरवर्षी थोडी जास्त पेरते. मी रोपांच्या जुड्या बांधून दोघांच्या मधल्या बांधावर ठेवल्या. सकाळी दीर आले, जुड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किती आहेत, वयनी?"

"मोजल्या नाहीत."

त्यांनी मान वर केली. "तुमी मोजल्या नाय?"

"नाही."

ते हसले. अवसेनंतर पहिल्यांदाच. मग पाण्यात जुड्या टाकत निघून गेले. जाऊ त्या दिवशी रजेवर होती, पलीकडच्या खाचरात वाकून लावत होती. तिने माझी रोपं लावली. मी माझ्या खाचरातून तिला पाहत होते. तिने वर पाहिलं नाही. पण ओळ मात्र ती नेहमी लावते तशी, माझ्या बांधाच्या समांतर धरली होती.

श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक. दर महिन्याला कुणीतरी सांगायचं, माझे आले. मार्गशीर्षात गटातल्या म्हातारीचे आले. तिचं घर माझ्या अलीकडे. तिने मला ओट्यावरून हाक मारून सांगितलं, "ठेव म्हटलं तिला, राहू दे आता, तर ऐकेना गो. माझ्या मुठीत कोंबून गेली. तुझ्यावर गेलीय ती, हिशेबाला." मग म्हणाली, "आता तुझीच उरली."

पौष लागला. जत्रेचे दिवस आले. मी गेले नाही. मला वाटलं मी जत्रेला गेले आणि नेमकी ती आली तर. घर झाडून बसले. त्याच आठवड्यात वासिंदला असलेला त्यांचा मुलगा टेम्पो घेऊन आला. तिथून गोदाम जवळ पडतं, आईची रोजची ये-जा वाचेल म्हणाला. दुपारी सामान चढलं. तांदळाचं पिंप, पलंग, ते पातेलं. मी दारात उभी होते. जाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. टेम्पो माझ्या दारावरून गेला आणि ती सरळ समोरच बघत राहिली. मी पैशांची वाट पाहत नव्हते. पण त्या वेळी मला तेच आठवलं, की माझे दिले नाहीत.

भिंतीपलीकडे आता आवाज नाही.

मी संध्याकाळी तळ्यावर जाते. आमचा दगड आहे तिथेच आहे. पाणी इतकं नितळ झालं आहे की तळाची वाळू दिसते. पूर्वी कधी दिसायची नाही, शेवाळ असायचं, माशांनी ढवळलेलं असायचं. बाहेरून कुणी आलं तर म्हणतं, काय स्वच्छ पाणी आहे तुमच्याकडे. आत काही जगत नसलं की पाणी असं दिसतं, हे मलाही याच वर्षी कळलं. माळावरच्या प्लास्टिकची एक कड वाऱ्याने सुटली आहे. मी तिच्यावर एक दगड आणून ठेवला. अजून दोन-तीन लागतील.

मागच्या रविवारी दीर पेंढा बघायला आले होते. चहा घेतला. जाताना अंगणात चप्पल शोधत म्हणाले, "वयनी, तिने सांगितलंय. तुमचे तिकडं ठेवलेत. बाजूला, वेगळे. येऊन न्या म्हणते."

मी म्हटलं, "तुमच्या हातून पाठवले असते."

"मी पण तेच बोललो. तर बोलली, नाय. त्यांचे त्यांनी येऊन न्यायचे."

"आणि?"

"आणि काय? येताना गोधडी आणा म्हणाली. तिकडं मोठी बाल्कनी आहे, दोघी असल्या की पिळायला बरं."

ते गेले. मी हिशेब पुरा करते. ठरलेली रक्कम एकवीस हजार सहाशे. दिलेली एकोणीस हजार दोनशे, आठ बायकांना, प्रत्येकी दोन हजार चारशे, हातात. टिपरवाल्याने दिलेले काही नाही. बाकी दोन हजार चारशे, माझे. ते आणायला मी अजून गेलेले नाही. गेले तर ते घ्यावे लागतील, आणि घेतले की तिची वजाबाकी माझ्याच हाताने पुरी होईल.